परतीचा माल

मी अमेरिकेत नेमके काय करत होतो, हे आमच्या मिरजेच्या घरात छत्तीस वर्षांत कुणाला धड सांगता आले नाही. दोष घरच्यांचा नव्हे. आईच्या लेखी मी ‘हृदयाच्या कारखान्यात’ होतो. मावशीने त्यातला कारखाना गाळला आणि मला थेट हृदयाचा डॉक्टर करून टाकले. परिणाम असा, की मी दोन-तीन वर्षांनी सुटीवर घरी आलो, की बॅगांचे पट्टे सुटण्यापूर्वीच ओसरीवर गल्लीतली दोन-चार मंडळी हातात एक्स-रेची मोठमोठी पाकिटे घेऊन बसलेली असत. ‘मी डॉक्टर नाही हो, इंजिनिअर आहे,’ असे म्हटले की त्यांचे चेहरे उतरत. एका वयस्कर गृहस्थांनी मात्र यातूनही तोड काढली. ते म्हणाले, ‘‘नसाल डॉक्टर, पण इतक्या लांबून आलात ना? मग नुसतं उजेडाकडे धरून तरी बघा.’’ मी बघितले. त्यांचे समाधान झाले.

माझा धंदा घरात समजला तो एकट्या अण्णांना. अण्णा रेल्वेत तारबाबू होते. मिरज जंक्शनात एके काळी तीन रुंदीचे रूळ होते, आणि त्या तिन्हींवरच्या गाड्यांची खबर अण्णांच्या टेबलावरच्या यंत्रात कट्टकट करीत उतरत असे. ही कट्टकट त्यांच्या हातात इतकी मुरली होती, की जेवायला बसले तरी डाव्या हाताची बोटे पाटाच्या कडेवर वाजत राहत. आई म्हणे, ‘‘कुणाला तार करताय? आमटी निवतेय.’’

अण्णांचे दुसरे वेड म्हणजे ‘रेल्वेचं रेल्वेला’. लहानपणी मी एकदा त्यांच्या कोटाच्या खिशातली पेन्सिल घेऊन गणिते सोडवली. ती कचेरीची आहे हे रात्री ध्यानात येताच ते चपला घालून स्टेशनवर गेले आणि ती टेबलावर ठेवून परत आले. १९७८ साली निवृत्त झाले तेव्हा टाक, दौत, अर्ध्याहून झिजलेली पेन्सिल, टाचणीची डबी, सारे मोजून परत दिले आणि पावती घेतली. पावतीवाचून त्यांचे कुठलेच काम पुरे होत नसे. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी एक लोखंडी तार टांगलेली असे आणि तिला दळणापासून फीपर्यंतच्या सगळ्या पावत्या टोचलेल्या असत.

सांगलीच्या वालचंद कॉलेजातून पदवी घेऊन १९७१ साली मी मिनेसोटाला शिकायला गेलो, आणि १९७४ साली मिनियापोलिसजवळ पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत चिकटलो. तिकडच्या थंडीविषयी मी लिहीत नाही. तिकडे गेलेल्या प्रत्येक मराठी माणसाने ते एकदा लिहिलेले आहे.

हा धंदा त्या थंड गावातच का रुजला, याची एक गोष्ट तिथे नव्या नोकराला हटकून ऐकवतात. विद्यापीठाच्या रुग्णालयात डॉ. वॉल्टन लिलेहाय हे जन्मतः सदोष हृदय असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करत. शस्त्रक्रियेनंतर त्यांतल्या काही हृदयांचे ठोके हुकत, म्हणून बाहेरून विजेचे बारीक ठोके द्यावे लागत. पण ते ठोके देणारे धूड भिंतीतल्या विजेवर चाले. मूल खाटेवर, धूड गाड्यावर आणि दोघे मिळून वायरच्या लांबीइतके स्वतंत्र! ३१ ऑक्टोबर १९५७ रोजी गावाची वीज गेली. त्या अंधारात एक मूल दगावले असे सांगतात. लिलेहाय यांनी रुग्णालयाची यंत्रे दुरुस्त करणाऱ्या अर्ल बाकेन यांना विचारले, की बॅटरीवर काही करता येईल का? बाकेन यांनी १९४९ साली आपल्या मेव्हण्याबरोबर एका गॅरेजात दुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यांना एका मासिकात पाहिलेली ताल धरण्याच्या यंत्राची आकृती आठवली. गाणे शिकणाऱ्यांपुढे टिकटिक करते ते यंत्र. तिच्यावरून चार आठवड्यांत त्यांनी तळहातावर मावेल अशी एक डबी केली आणि जनावरावर चाचणी घेण्यासाठी रुग्णालयात नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहतात, तर ती डबी एका मुलीला लावलेली! हातात साधन असताना मुलीला त्यावाचून जाऊ देणार नाही, हे डॉक्टरांचे म्हणणे. आजच्या कायद्यात हे बसायचे नाही. कायदा हवाच, मी जन्मभर त्याचे कागद भरले आहेत. पण ती गोष्ट ऐकताना मी मनातून नेहमी लिलेहाय यांच्या बाजूचा असे.

हे सारे मी अण्णांना पत्राने कळवले होते. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून निघालेला इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत जावा लागतो. वाटेत खंड पडला की खालचे कप्पे आपल्या संथ चालीने चालतात, माणसाला घेरी येते. आणि मग आमचे यंत्र बाहेरून इशारा पुरवते, असे चार पाने समजावले होते. अण्णांचे उत्तर आले : ‘समजले. मधल्या स्टेशनात लाइन डाउन. तुम्ही बगलेने दुसरी तार टाकता.’ आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात याहून चांगले वाक्य मी वाचलेले नाही.

पहिली नऊ वर्षे मी त्या तारेच्याच विभागात काढली. पेसमेकरचे कौतुक सगळे डबीला मिळते, पण खरी मजुरी तार करते. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाचे १ लाख ८०० होतात आणि वर्षाचे ३ कोटी ६७ लाख ९२ हजार. तितक्या वेळा ती तार हृदयाबरोबर वाकते. म्हणून ती सरळ नसते. केसासारख्या बारीक धातूचे वेटोळे असते आणि त्यावर रबरासारखे आवरण. ही वेटोळी सूक्ष्मदर्शकाखाली तपासणाऱ्या बायका होत्या. त्यांतल्या एक आजीबाई माझ्या शेजारी बसून डबा खात. त्यांचे वाडवडील स्वीडनहून आलेले. त्या पोळीला ‘तुमचा तो मऊ कागद’ म्हणत आणि अर्धी मागून घेत. त्यांच्या नजरेतून वाकडे वेटोळे सुटल्याचे मला आठवत नाही.

१९८३ साली माझी बदली परतीच्या मालाच्या विभागात झाली. तिथे मी सत्तावीस वर्षे राहिलो, निवृत्त होईपर्यंत.

हा विभाग कसा, ते सांगतो. जगभरातून आमच्याकडे खोकी येत. खोक्यात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत माणसाच्या अंगातून काढलेला पेसमेकर, कधी त्याच्या तारेचा तुकडा, आणि सोबत एक फॉर्म. तो निर्जंतुक करायचा, अनुक्रमांक वहीत टिपायचा, मिठाच्या पाण्यात ठेवून ठोके मोजायचे, एक्स-रे काढायचा आणि शेवटी टायटॅनियमचे कवच कापून आत काय झाले ते बघायचे. फॉर्मवर एक रकाना असे : परत करण्याचे कारण. मी पाहिलेल्या कारणांत जात दोनच. यंत्र थांबले, किंवा माणूस थांबला. दुसऱ्या जातीची यंत्रे बहुधा धडधाकट असत. पिशवीतून काढून पाण्यात ठेवली की ती ठोके देत. आपला माणूस गेला, हे त्यांना कुणी कळवलेले नसे.

जुन्या पाऱ्याच्या बॅटऱ्या दोनेक वर्षांत संपत. १९७२ पासून लिथियमच्या आल्या आणि यंत्रे वर्षानुवर्षे चालू लागली. पहिला पूर्ण शरीरात बसवलेला पेसमेकर १९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना बसवला, तो काही तासच टिकला. पण लार्सन टिकले. एकामागून एक वीसहून अधिक यंत्रे संपवून ते २००१ साली, शहाऐंशीव्या वर्षी वारले. आमच्या विभागात त्यांचे नाव आदराने घेतले जाई. त्यांच्याइतका परतीचा माल एका माणसाने क्वचितच पुरवला असेल.

पण या विभागाचा माणसावर एक परिणाम होतो. चालणारे यंत्र तुमच्या टेबलावर येत नाही. ज्या लाखो छात्यांतून ती मुकाट चालली आहेत, त्या तुम्हांला दिसत नाहीत. दिसते ते चिरलेले आवरण, तुटलेले वेटोळे, बॅटरीतली गळती. फौजदाराला जसे सगळे गाव चोरांचे वाटू लागते, तसे माझे झाले होते. बायको म्हणे, ‘‘तुम्ही लग्नाला गेलात तरी मांडव कुठे पडेल ते बघता.’’

१९९६ च्या फेब्रुवारीत धाकट्या भावाचा फोन आला. अण्णा संध्याकाळी सवयीप्रमाणे महालक्ष्मी एक्स्प्रेस बघायला स्टेशनवर गेले होते, तिथेच घेरी येऊन पडले. नाडी बत्तीस. मी ओळखले : लाइन डाउन.

पुण्याच्या एका रुग्णालयात पेसमेकर बसवायचे ठरले. मुंबईच्या एजंटाकडे आमच्याच कंपनीचा मिळाला. विमानातून उतरून पुण्याला पोचेपर्यंत तो डॉक्टरांच्या कपाटात आला होता. मी त्याचा अनुक्रमांक टिपून घेतला आणि रात्री साडेदहाला रुग्णालयासमोरच्या टेलिफोन बूथमधून मिनियापोलिसला माझ्या विभागात फोन लावला. मित्राला म्हटले, या क्रमांकाची जन्मकुंडली वाच. प्रत्येक यंत्राची आणि तारेची अशी कुंडली असते. कुठल्या दिवशी काय जोडले, कुणी तपासले. तो वाचत गेला, बूथवाल्याच्या यंत्रावरचे रुपये पळत गेले. माझ्या डोळ्यांपुढे तेरा वर्षांत कापलेले प्रत्येक यंत्र येत होते. शेवटी तो म्हणाला, ‘‘वेटोळ्याची तपासणी,’’ आणि दोन आद्याक्षरे वाचली. ती आमच्या आजीबाईंची होती.

मी पैसे दिले आणि बाहेर येऊन बूथच्या पायरीवर बसलो. त्यांना दिलेल्या सगळ्या अर्ध्या पोळ्या मला आठवल्या.

दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आईने विचारले, ‘‘तूच केलेलं आहे ना ते?’’

‘‘आम्ही तिथे पुष्कळ जण आहोत, आई.’’

‘‘असू देत. तू आहेस ना त्यांत?’’ एवढे म्हणून तिने जपमाळ पुढे ओढली.

आठवड्याने मिरजेला आल्यावर अण्णांना यंत्राची पारख करावीशी वाटली. मी घरातला ट्रान्झिस्टर घेतला, मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा आणला आणि त्यांच्या डाव्या खांद्याखाली धरला. त्या जातीच्या यंत्रात विजेचा परतीचा रस्ता अंगातूनच असतो, त्यामुळे रेडिओला चाहूल लागते. खरखरीतून आवाज येऊ लागला. टिक. टिक. टिक. अण्णांनी डोळे मिटले. बोटे खाटेच्या कडेवर आपोआप चालू लागली.

‘‘नुसता ‘ई’ पाठवतोय,’’ ते म्हणाले. मोर्सच्या लिपीत एक टिंब म्हणजे इंग्रजी ‘ई’. ‘‘ई, ई, ई. मजकूर काहीच नाही.’’

‘‘मजकूर कुठून आणणार तो?’’

‘‘नसेना. रात्रपाळीत गाडी नसली की पलीकडचा बाबू उगाच एक टिंब टाकायचा. जागा आहे, लाइन चालू आहे, एवढं कळायचं. आपणही एक टाकायचं. पुष्कळ असतं ते.’’

पुढे आठ वर्षे अण्णा संध्याकाळच्या गाड्या बघत होते. माझ्या टेबलावर खोकी येत होती, मी कवचे कापत होतो. पण जगात निदान एक यंत्र बिनतक्रार चालू आहे, हे मला आता माहीत होते. दर रविवारच्या फोनला अण्णा ‘हॅलो’ म्हणत नसत. फोनच्या तोंडाशी नखाने एकदा टिचकी मारत. मीही मारी. मग आई फोन घेई आणि खरे बोलणे सुरू होई.

२००४ सालच्या जानेवारीत, पौषात, ते झोपेत गेले. भावाचा फोन आला तेव्हा आमच्याकडे आदली संध्याकाळ होती. दुपारच्या आत कृष्णाघाटावर न्यायचे होते. मी पोचण्याचा प्रश्नच नव्हता. भाऊ जरा थांबून म्हणाला, ‘‘दादा, डॉक्टर म्हणतात, ते यंत्र आधी काढावं लागेल. आई ऐकत नाही. म्हणते, आता त्यांच्या अंगाला सुरी लावायची नाही. तू बोल तिच्याशी.’’

डॉक्टरांचे बरोबर होते. लिथियमची बॅटरी चितेच्या आगीत फुटते, बारासारखा आवाज होतो, तुकडे उडतात. जवळ उभा असणार तो माझा भाऊ आणि त्याची दोन मुले. हे सगळे मी शेकडो वेळा कागदावर लिहिले होते. ते आईला कसे सांगायचे? ज्या वस्तूवर तिने आठ वर्षे हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना अभिमानाने बोलून दाखवले, ती वस्तू त्यांच्या चितेत फुटेल म्हणून?

आई फोनवर आली. रडत नव्हती. ‘‘काय रे?’’ म्हणाली.

आणि मी म्हणालो, ‘‘आई, ते यंत्र आपलं नसतं. कंपनीचं असतं. माणूस असेपर्यंत वापरायला देतात. परत द्यावं लागतं.’’

हे धादांत खोटे होते. माणसाने पैसे मोजलेले असतात. यंत्र त्याचे आणि त्याच्यामागे त्याच्या घरच्यांचे. १९७० नंतर काही वर्षे प्लुटोनियमवर चालणारे थोडे पेसमेकर निघाले होते, ते मात्र खरोखरच परत द्यावे लागत. तेवढाच माझ्या बोलण्याला सत्याचा आधार. आई बराच वेळ गप्प होती. आंतरराष्ट्रीय लाइनीवरची खरखर मला ऐकू येत होती.

‘‘कंपनीचं आहे होय,’’ ती शेवटी म्हणाली. ‘‘मग द्यायलाच पाहिजे. यांना कुणाचं काही ठेवून घेतलेलं चालायचं नाही.’’ आणि फोन बाजूला न करताच तिने भावाला हाक मारली, ‘‘काढू दे रे डॉक्टरांना. रेल्वेचं रेल्वेला.’’

तेराव्याला मी मिरजेत होतो. भावाने अण्णांची तपकिरीची पितळी डबी माझ्या हातात ठेवली. आत कापसात तो होता, बोटभर तार लोंबत असलेला, टायटॅनियमवर एक ओरखडा. मी पाहत असलेला हा कितवा, कोण जाणे; पण हातात घेण्यापूर्वी हात धुतले, तो पहिलाच. परत जाताना मिनियापोलिसच्या विमानतळावर अधिकाऱ्याने डबी उघडायला लावली आणि विचारले, हे काय? मी म्हटले, ‘‘माझ्या वडिलांचा पेसमेकर.’’ त्याने दोन्ही हातांनी झाकण लावून डबी माझ्याकडे दिली.

रीतीने तो माझ्या विभागात जायला हवा होता. तिथे त्याचा क्रमांक वहीत चढला असता, तो मिठाच्या पाण्यात बसला असता आणि शेवटी माझ्याच करवतीखाली आला असता. मी त्याला घरी नेले.

पहिल्याच रविवारी आईने विचारले, ‘‘परत दिलंस ना?’’

‘‘दिलं.’’

‘‘पावती?’’

हे मी विसरलो होतो. त्या रात्री मी कागदावर लिहिले : अमुक क्रमांकाचा पेसमेकर एक, तारेच्या तुकड्यासह, चालू स्थितीत परत मिळाला. खाली मीच सही केली. सही तरी खोटी नव्हती, माल मला मिळालाच होता. आईने ती खिडकीच्या तारेला टोचल्याचे भावाने कळवले.

नंतर दर वर्षी अण्णांच्या तिथीला, बायको पान वाढायच्या तयारीत असताना, मी काचेच्या पेल्यात मिठाचे पाणी घेऊन यंत्र त्यात ठेवीत असे आणि शेजारी ट्रान्झिस्टर लावीत असे. टिक. टिक. मिनिटाला सत्तर. मी टेबलावर बोटाने एक टिंब टाकी. पाच वर्षे असे चालले. सहाव्या वर्षी मोजले तर त्रेसष्ट भरले. बॅटरी संपत आली की यंत्र आपण होऊन चाल मंदावते, डॉक्टरांना कळावे म्हणून; तशी सोय आम्हीच ठेवलेली असते. सातव्या वर्षी नुसती खरखर आली. काटा चुकला असेल म्हणून मी तो पुष्कळ वेळ पुढेमागे केला. बायकोने येऊन रेडिओ बंद केला आणि म्हणाली, ‘‘चला, पान वाढलंय.’’

त्याच वर्षी आई गेली. पावती अजून त्या तारेला आहे. भाऊ घर रंगवतो तेव्हा तार काढतो आणि पुन्हा तशीच टांगतो. डबी माझ्या टेबलाच्या खणात आहे. गेल्या दिवाळीत खण आवरताना बायको म्हणाली, ‘‘आता तरी देऊन टाका ना परत.’’ मी जुन्या कंपनीचा फॉर्म मागवून घेतला आहे. क्रमांक घातला, बसवल्याची तारीख घातली, काढल्याची घातली. कारणाचा रकाना तेवढा राहिला आहे.